मान पुढे, खांदे आत: व्यायामाने सुटेल का?

फोंड्याचो स्कूटरवालो:
रोज बाणस्तारीमार्गे पणजी, मग आठ तास लॅपटॉप. चवथीचे फोटो पाहिले, गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या माटोळीखाली मी अगदी कासव! जिमवाला म्हणतो, बेंचप्रेस (बाकावर झोपून छातीवरून वजन ढकलणं) वाढव. वाढवू?

फिजिओताई, म्हापसा:
नका वाढवू, छाती आधीच आखडलेली असणार. चेक डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी हीच जोडगोळी मांडली होती: छाती नि मानेमागचे स्नायू ताठ, मानेचे पुढचे खोल स्नायू आणि फऱ्यांखालचे ढिले. म्हणून आधी ताणायचं, मग ताकद. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती ३० सेकंद ताणा. नंतर भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे न्या, खाली नाही. ५ सेकंद, १० वेळा. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टर.

माशेलकर काका:
मी हे करतो तेव्हा बायको विचारते, कोणावर रुसलात? लॅपटॉपखाली जुनी पंचांगं घाला, स्क्रीन डोळ्यांसमोर येते.

फोंड्याचो स्कूटरवालो:
मुंग्या नाहीत. पण ताई, डोकं भिंतीला टेकतच नाही हो!

फिजिओताई, म्हापसा:
मग मागे टॉवेलची घडी ठेवा. जमेल तशी एकेक घडी कमी करा.