पॉइंट्स वाढले म्हणजे खेळाडू सुधारला का?

बँकशॉट:
अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा सीझन संपला की तेच सुरू होतं, अमक्याचं मॅचमागे पॉइंट्सचं ॲव्हरेज एवढं वाढलं, बघा कोचने कसा घडवला! अरे पण मॅचमागे खेळायला मिळालेली मिनिटं किती वाढली ते बघा ना. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा झॅक ईडी घ्या. चार सीझनचं ॲव्हरेज ८.७, १४.४, २२.३ आणि २५.२. जवळजवळ तिप्पट. पण मिनिटंही १४.७ वरून ३२ झाली. ४० मिनिटांचा, म्हणजे पूर्ण मॅचचा, हिशोब लावला तर पहिल्याच वर्षी गडी २४ पॉइंट्सच्या आसपास होता आणि शेवटी साडेएकतीस. सुधारला, नाही कोण म्हणतंय, पण तिप्पट बिप्पट काही नाही. तिसऱ्या वर्षी मिनिटं वाढली कारण सेंटरची (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची) जागा वाटून घेणारा ट्रेव्हियन विल्यम्स गेला. मिनिटांनी भागल्याशिवाय प्रगतीवर बोलूच नये.

सहावा_गडी:
भागाकार करून मोकळे झालात, पण तुमचाच हिशोब मधल्या दोन वर्षांना लावा की. दुसऱ्या वर्षी येतात ३० आणि तिसऱ्या वर्षी २८. म्हणजे पोरगा बिघडला?? २०२३ ला, म्हणजे त्याच तिसऱ्या वर्षी, तर त्याला देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं! ७ फूट ४ इंचाच्या माणसाने दुसऱ्या वर्षीसारखं १९ मिनिटं खेळणं वेगळं आणि ३२ मिनिटं वेगळं, दम लागतो, पाय जड होतात, पाच फाउल झाले की बाहेर, आणि समोरची टीम आठवडाभर फक्त त्याला कसं अडवायचं याचीच तयारी करून येते. एवढं सगळं असून तो आकडा टिकला हीच तर प्रगती.

बँकशॉट:
२८ चं मान्य, तिथे पकडलंत. पण मग मोजणार कशाने, नुसत्या नजरेने? नजरेला डंक (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं) लक्षात राहतो, डिफेन्सला उशिरा पोचलेला पाय नाही.

चार्टवाला:
एका कॉलेज टीमसाठी व्हिडिओ बघून चार्ट भरायचं काम दोन वर्षं केलंय म्हणून मधे तोंड घालतो. आम्ही पॉइंट्स सगळ्यात शेवटी बघायचो. आधी हे, की डबल टीम (दोघांनी मिळून घेरणं) आली की बॉल कुठे जातो, पिक अँड रोलला (साथीदार वाट अडवून मग बास्केटकडे धावतो ती चाल) पाय कुठे असतात, डावा हात वापरतो का. थ्रीच्या (लांबून मारलेल्या तीन पॉइंट्सच्या शॉटच्या) टक्क्यांवर तर अजिबात विसंबू नका, ४० पैकी १४ गेले तर ३५ टक्के आणि १८ गेले तर ४५, चार बॉलचा खेळ! फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) त्यातल्या त्यात खरं बोलतात, समोर कोणी नसतं ना. आणि तिथे ईडी पहिल्या वर्षी ७१ टक्के, चौथ्या वर्षीही ७१.

सहावा_गडी:
म्हणजे तुमच्या मते चार वर्षांत काहीच नाही??

चार्टवाला:
शूटिंगचा हात तोच राहिला, एवढंच म्हणतोय. बाकीचं व्हिडिओत दिसतं. २०२४ ची कॉलेज चॅम्पियनशिपची फायनल परत बघा, ईडीने ३७ पॉइंट्स केले आणि टीम यूकॉनकडून (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) ७५-६० हरली. तो आत टाकतोय तर टाकू दे, बाहेरच्या शूटर्सना मोकळं सोडायचं नाही, असं यूकॉन खेळलं. आता त्या ३७ मधून त्याची प्रगती किती आणि यूकॉनची मर्जी किती, बँकशॉटनी भागून सांगावं.