राजाचा वाढदिवस आणि आपली सुट्टी : नेदरलँड्सवाल्यांनो, लिहा!

तुळशीबाग_रिटर्न्स
आज दुपारचा कॉल नाही. क्लायंट डच, त्यांना कोनिंग्सडाखची, म्हणजे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. त्या दिवशी तिथे जो तो नारंगी. पुण्याच्या उकाड्यात बसून सगळं नारंगी दिसायला लागलंय.

आम्ही गेलो तेव्हा राणी होती आणि सण ३० एप्रिलला असायचा. तोही बेआट्रिक्सचा वाढदिवस नव्हेच, तिच्या आईचा, युलियानाचा. आईचा मान म्हणून हिने तारीख तीच ठेवली. तसंही हिच्या ३१ जानेवारीला त्या थंडीत रस्त्यावर कोण बसणार! २०१४ पासून राजाचा, २७ एप्रिलला.

उट्रेख्त शहरातला त्या दिवसाचा जुना बाजार आदल्या संध्याकाळी सुरू होतो तो रात्रभर. कोणीही यावं, घरातलं जुनं विकावं, परवाना लागत नाही. आमच्या कंपूत एक नागपूरची, एक चेन्नईचा आणि एक इराणी जोडपं. चेन्नईवाला परत निघाला होता, त्याचं सगळं बिऱ्हाड सतरंजीवर मांडून कालव्याकाठी बसलो. मी तुळशीबागेत वाढलेली, मला घासाघीस काय कोणी शिकवणार! पण एक डच आजी इस्त्रीसाठी अर्ध्या युरोवर अडून बसल्या त्या बसल्याच. शेवटी इस्त्री दिली, वर चेन्नईवाल्याने त्यांना थर्मासमधली कॉफी पाजली. त्या तासभर आमच्याच सतरंजीवर, येणाऱ्या गिऱ्हाइकांना आमच्याच वस्तू खपवत. त्या रात्रीपासून मी तिथे पाहुणी राहिले नाही.

तुमचे लिहा. डच नसले तरी चालतील.

कांदेनवमी
टॉम्पूस!!! ती क्रीम भरलेली पेस्ट्री. एरवी वरून गुलाबी, त्या दिवशी नारंगी. चावलं की क्रीम चारी बाजूंनी पळतं. ऑफिसातली मैत्रीण वरचं झाकण काढून खाली लावते आणि मग खाते, मी सरळ चमचा घेते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा पहिला प्रश्न, "अंडं असतं का गं?" असतं. विषय संपला.

संत्रानगरीचा_गडी
नारंगी म्हटल्यावर नागपूरवाल्याले आमंत्रण लागते का बे 😀 मी मिरवणुकीतला भगवा फेटा बांधून गेलो होतो ॲमस्टरडॅमले. बोटीवरचे लोक हात करून राहिले. मग आमच्या ग्रुपमधल्या डच पोट्ट्यांनाही पाहिजे फेटे. बायकोच्या दोन ओढण्या गेल्या त्यात. ते प्रकरण अजून मिटलं नाही.

तुळशीबाग_रिटर्न्स
@संत्रानगरीचा_गडी ओढण्या कॉटनच्या की शिफॉनच्या? त्यावर शिक्षा ठरते.

डाळ_गॅसवर_आहे
घाईत लिहितेय. ॲमस्टरडॅमचं फोंडलपार्क त्या दिवशी पोरांचं असतं. जुनी खेळणी विकतात, कोणी व्हायोलिन वाजवतं, कोणी नुसतंच उभं राहून विनोद सांगतं. लेकीने हार्मोनियमवर सारेगम वाजवलं, तेवढंच येत होतं. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने पुढे डबा धरला. जमलेले पैसे मेयोनीजवाल्या फ्राईजमध्ये गेले, दोघींचं पोट बिघडलं.
आणि जागा कशी धरतात माहितीये ना? आधीच येऊन फूटपाथवर खडूने चौकोन आखायचा, आत 'बेझेट' (जागा घेतलेली आहे) लिहायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गॉडामाई
मी त्या बाजारात पुरणयंत्र घेतलं. खरंच. डच बायका सफरचंदाचा गर काढायला वापरतात ते, खाली जाळी, वर दांडा. दोन युरो. अक्षय तृतीया जवळच असते, त्याच आठवड्यात पुरण काढलं. विकणाऱ्या काकूंना पोळी नेऊन दिली, त्यांनी वर चीज ठेवून खाल्ली 🙈

कांदेनवमी
चीज!!!

जुना_मुक्कामी
मजेच्या धाग्यात जड लिहितो, माफ करा. २००९ ला याच सणाच्या दिवशी आम्ही मित्राच्या घरी टीव्हीसमोर. आपेलडोर्नला राजघराण्याची बस चालली होती, एकाने गर्दीतून गाडी घातली, माणसं गेली. आमच्या गावातलेही कार्यक्रम बंद झाले. मित्राच्या बायकोने पोरांच्या गालांवरचे झेंडे पुसले. आम्ही निघायला उठलो तर म्हणाली, आज जाऊ नका. मग सूप आणि ब्रेड खात रात्रीपर्यंत बसलो, बोललो फारसं नाहीच.
तेव्हापासून ४ मेलाही त्यांच्याकडेच जातो. महायुद्धात गेलेल्यांसाठी रात्री आठ वाजता दोन मिनिटं, ट्रामसुद्धा उभी राहते. मला तो दिवस जास्त जवळचा.

तुळशीबाग_रिटर्न्स
नाही हो, जड कसलं. लिहिलंत ते बरं झालं.

बर्लिनचा_भाऊ
आमच्याकडे ३ ऑक्टोबर. जर्मनी एक झाल्याचा दिवस. दुकानं बंद, दूध आदल्या दिवशी आणा. संपला सण.

कांदेनवमी
@भाऊ तुमच्याकडे रविवारीही हेच ना? ५२ राष्ट्रीय सण धरा.

नवीन_आहे_इथे
आईबाबा एप्रिलअखेर येणारेत. २७ ला रविवार आला तर सुट्टी सोमवारी मिळते का?

जुना_मुक्कामी
नाही, आदल्या दिवशी, शनिवारी २६ लाच साजरा होतो. २०१४ आणि २०२५ ला तसंच झालं. आईबाबांना ॲमस्टरडॅमच्या मध्यभागी नेऊ नका, आजूबाजूच्या गावात न्या. बसायला जागा मिळेल आणि मुख्य म्हणजे बाथरूम.

संत्रानगरीचा_गडी
बाथरूमचा मुद्दा लय महत्त्वाचा आहे. अनुभवी माणूस.

डाळ_गॅसवर_आहे
@गॉडामाई त्या यंत्राची जाळी बारीक आहे का? माझं भारतातून आणलेलं मोडलंय.

गॉडामाई
तीन मिळाल्या सोबत. मी मधली लावते, बारीकने हात भरून येतात. डाळ गरम असतानाच फिरव. आणि स्टीलचं बघून घे गं, जुन्या पत्र्याच्यांना गंज असतो.

डाळ_गॅसवर_आहे
ओके. माझी करपली बहुतेक, आले.