मदत हवी आहे: नगरपालिकेच्या जुन्या इमारती दिव्यांगांसाठी सुगम करायच्या आहेत, निधीचा प्रस्ताव कसा मांडावा?

धागाकर्ता
नमस्कार मंडळी,
मुख्य कार्यालय, वाचनालय आणि सभागृह अशा तीन जुन्या इमारती आहेत. तिन्हींची जोती उंच, कार्यालयाचे तर ६०० मिमी. लिफ्ट कुठेच नाही, आणि करभरणा व दाखल्यांची खिडकी पहिल्या मजल्यावर. एका वर्षाच्या तरतुदीत तिन्ही कामे बसणार नाहीत. ‘प्रत्येक इमारतीला एकेक रॅम्प’ असा प्रस्ताव पुढे येतो आहे. पैसे आधी कुठे घालावेत? अंदाजपत्रकातून हमखास काय सुटते? देणगीदार मिळाला तर त्याच्याकडे कोणते काम द्यावे? जाणकारांनी सांगावे.

मोजपट्टी
तीन रॅम्प करू नका, अगदी कळकळीने सांगतो. रॅम्पवरून आत आलेल्या माणसाला पुढे अरुंद दार, उंच काउंटर आणि कुलूपबंद स्वच्छतागृह लागले तर त्याचे काम झालेच नाही. एक इमारत घ्या आणि फाटकापासून खिडकीपर्यंत व स्वच्छतागृहापर्यंतची सगळी वाट एकाच टप्प्यात पूर्ण करा. सर्वाधिक लोकांना जिथे जावेच लागते ती इमारत आधी, म्हणजे तुमच्याकडे कार्यालय.

लिफ्टचा विषय तूर्त बाजूला ठेवा. करभरणा आणि दाखल्यांची खिडकी तळमजल्यावर आणा. टेबले, वायरिंग आणि पाट्या एवढ्यावर भागते. लिफ्टला खड्डा, वीजजोडणी, तपासणी आणि दरवर्षीचा देखभाल करार लागतो. ती तरतूद पुढच्या वर्षांत नसेल तर लिफ्ट बंद पडून राहते.

प्रस्तावाआधी व्हीलचेअर वापरणारी, अंध आणि कर्णबधिर अशा व्यक्तींना घेऊन तीच वाट चाला. अडलेल्या प्रत्येक जागेचे माप आणि फोटो जोडा. मंजुरी देणाऱ्याला यामुळे काम नेमके दिसते, पुढे कात्रीही कमी लागते.

जोते_ते_छप्पर
मापांचे बोलतो. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे ६०० मिमीला ७.२ मीटर लांबी. वर आणि खाली १.५ मीटरचे सपाट टप्पे धरून १०.२ मीटर. अंदाजपत्रकात बहुधा ७.२ एवढेच येते. मग जागेवर लांबी पुरत नाही, कंत्राटदार उतार १:८ करतो आणि व्हीलचेअरवरच्या बहुतेकांना आधाराशिवाय चढता येत नाही.

सुटणाऱ्या बाबी: दोन्ही बाजूंना दुहेरी रेलिंग (९०० आणि ७०० मिमी उंचीवर, टोकांना ३०० मिमी पुढे), कडेला चाक घसरू नये म्हणून ७५ मिमीची कड, पायथ्याशी पाण्याचा निचरा, ओल्यातही न घसरणारा पृष्ठभाग. चकचकीत फरशी अजिबात नको.

दार उघडल्यावर ९०० मिमी मोकळे राहिले पाहिजे. चौकटीच्या आतल्या मापातून उघड्या फळीची जाडी वजा होते, म्हणून चौकट आतून ९५० तरी धरा. भिंत भारवाहक असेल तर वरचे लिंटेल (दारावरची आडवी तुळई) बदलावे लागेल. ही बाब वेगळी लिहा, कारण काम बहुधा इथेच अडते. उंबरठा १२ मिमीपेक्षा उंच नको.

स्वच्छतागृहात १५०० मिमी व्यासाची वळायची जागा, कमोडच्या एका बाजूला ९०० मिमी मोकळी जागा, बैठक ४५० ते ४८० मिमी उंच, दार बाहेर उघडणारे. ग्रॅब बार (धरायचा दांडा) पोकळ विटेत किंवा नुसत्या टाइलवर बसवला तर माणसाच्या वजनाने उपटून येतो. मागे काँक्रीटचा भराव हवा, आणि तोही एस्टिमेटमध्ये.

धागाकर्ता
कार्यालयासमोर ७ मीटरच जागा आहे. रॅम्प बसेल का?

जोते_ते_छप्पर
बसेल. ३.६ मीटरच्या दोन धावा (उताराचे सरळ भाग) करून मध्ये वळण द्या. एका टोकाला वळणाचा टप्पा, दुसऱ्या टोकाला वरचा-खालचा टप्पा, प्रत्येकी १.५ मीटर, एकूण ६.६. मात्र प्रत्येक धाव किमान १.२ मीटर रुंद लागेल. दुचाक्यांचे पार्किंग तिथून हलवावे लागेल, हे प्रस्तावातच लिहून घ्या.

मापवही
निविदेत ‘रॅम्प, एक नग’ अशी ठोक बाब घालू नका. रेलिंग रनिंग मीटरमध्ये, फरशी चौरस मीटरमध्ये, प्रत्येक बाब वेगळी आणि नकाशासह. ठोक बाबीत पैसे कमी पडले की पहिल्यांदा रेलिंग आणि पाट्या गळतात. शेवटचे देयक प्रत्यक्ष वापरून पाहिल्यावरच द्या, आणि ही अट निविदेतच असू द्या.

नेहमीच्या दुरुस्तीच्या तरतुदीचाही उपयोग करा. अंगणाची फरसबंदी करायचीच असेल तर १५० मिमीपर्यंतचा चढ १:२० उताराने तिच्यातच जिरवता येतो, तीन मीटरमध्ये. वेगळा रॅम्प लागत नाही. रंगकाम निघाले की पायऱ्यांच्या कडा ठळक रंगाने रंगवून घ्या. दृष्टी अधू असलेल्यांना त्याचा फार आधार होतो.

देणगीदाराला सुटे काम द्या: काउंटरवरचे श्रवण-लूप (श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारे उपकरण), ब्रेल पाट्या, वाचनालयातली उंची बदलणारी टेबले. रॅम्प, दारे आणि स्वच्छतागृह पालिकेच्याच निधीतून करा, कारण देणगी लांबली तर वाट मध्येच तुटते. देणगीच्या पत्रात दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून), हे आधी ठरवून लिहा.

धागाकर्ता
आभारी आहे. बाबनिहाय तक्ता करून इथेच टाकतो, मापे कृपया तपासून द्या.