मदत हवी आहे : व्होल्तेर्राच्या वेशीवरची तीन मस्तकं

इटलीतल्या व्होल्तेर्रा (प्राचीन एट्रुस्कन लोकांचं वेलाथ्री) इथल्या 'पोर्ता आल्लार्को' वेशीच्या बाहेरच्या कमानीवरची तीन दगडी मस्तकं कोणाची? ऊनपावसाने ती इतकी झिजलीत की नाक-डोळेही उरले नाहीत. काहींच्या मते नगररक्षक देवता, काहींच्या मते हरलेले शत्रू. तिथल्याच ग्वार्नाच्ची संग्रहालयातल्या एका रक्षापात्रावर (मृताची राख ठेवायच्या पात्रावर) ग्रीक पुराणकथेतल्या थीब्ज नगराच्या वेढ्याच्या प्रसंगात अशीच तीन मस्तकांची वेस कोरली आहे. मला तोच पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचा बाजूच्या तिरप्या उजेडातला, जवळून काढलेला फोटो कोणाकडे आहे का? समोरून फ्लॅश मारला की सावल्या जातात, कोरीवकाम सपाट दिसतं. १९४४ मध्ये गावकऱ्यांनी फरसबंदीचे दगड उपसून ही वेस बुजवली आणि जर्मन सुरुंगांपासून वाचवली, तेव्हाचं छायाचित्र असेल तर तेही हवंय.