७५ मीटरवरचं लेप्टोसेरिस पांढुरकं दिसतंय : ब्लीचिंग की दिव्यांचा खेळ?

निळाई :
मेसोफोटिक, म्हणजे अंधुक प्रकाशाच्या, पट्ट्यातलं ६० ते ९० मीटरमधलं आरओव्हीचं (वरून चालवायच्या मानवरहित पाणबुडीचं) चित्रण तपासणं चालू आहे. उतारावर लेप्टोसेरिस या प्रवाळाच्या ताटांसारख्या वसाहती आहेत. ७५ मीटरच्या आसपास त्यातल्या बऱ्याच फिकट, काही चक्क पांढऱ्या दिसतात. वर १० मीटरवरचे प्रवाळ मात्र ठणठणीत, तपकिरी. उपग्रहावरून काढलेला डीएचडब्ल्यू, म्हणजे साचलेल्या उष्णतेचा आकडा, शून्य आहे. वर काही नाही आणि खाली ब्लीचिंग, म्हणजे ताणामुळे सहजीवी शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडणं, असं होऊ शकतं का? की रंगच फसवतोय?

सागरगोटा :
आधी रंगाचं बघू. ७५ मीटरवर लाल प्रकाश पोचतच नाही, तपकिरी दिसतं ते फक्त आरओव्हीच्या दिव्यांमुळे. हा प्रकाश प्रवाळापर्यंत जाऊन परत कॅमेऱ्यापर्यंत येतो, म्हणजे अंतर दुप्पट. कॅमेरा १ मीटरवर असेल तर ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश निम्मा उरतो, ३ मीटरवर असेल तर जेमतेम १३ टक्के. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) चालू असला की प्रत्येक फ्रेमचा रंग निराळा. त्यामुळे बॅलन्स लॉक करा, अंतर १ मीटरच्या आत ठेवा आणि रंगपट्टी आरओव्हीच्या हातात धरून दर वसाहतीसोबत एक फ्रेम घ्या. मापासाठी लेसरची जोडी हिरवी असलेली बरी.

आता वसाहत जवळून बघा. ताटाची कड पांढरी असेल तर घाबरू नका, ती वाढती कड आहे. नव्या ऊतीत सहजीवी शैवाल अजून भरलेलं नसतं. ब्लीचिंगमध्ये मधला भागही फिका पडतो, पण पॉलिप, म्हणजे वसाहतीतले इवले जीव, जागच्या जागी असतात आणि पारदर्शक ऊतीखालून सांगाडा दिसतो. पांढऱ्या-तपकिरीची सीमा सुरीने कापल्यासारखी असेल तर रोग किंवा कुणीतरी खाल्ल्याची खूण समजा. शंका राहिलीच तर निळा दिवा आणि कॅमेऱ्यावर पिवळा फिल्टर लावा. ब्लीच झालेली पण जिवंत ऊत बहुतेक वेळा हिरवी चमकते, नुसता सांगाडा चमकत नाही. काही वसाहतींत चमक मुळातच नसते, म्हणून नुसत्या अंधारावरून मेली असं लिहू नका.

थर्मोक्लाइन :
होऊ शकतं, आणि झालेलंही आहे. हिंदी महासागरात चागोसजवळ २०१९ च्या अखेरीस ९० मीटरपर्यंतचे प्रवाळ ब्लीच झाले, उथळ भागातल्यांना काही झालं नाही. पृष्ठभागाचं पाणी फारसं तापलंच नव्हतं. त्या वर्षीच्या हिंदी महासागर द्विध्रुवामुळे (महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाच्या तफावतीमुळे) थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं उबदार आणि खालचं गार पाणी यांच्यामधला थर, खाली दाबली गेली आणि एरवी गार पाण्यात राहणाऱ्या प्रवाळांवर वरचं उबदार पाणी आलं. त्या खोलीवर तापमान २२ वरून २९ अंशांपर्यंत गेलं. २९ अंश उथळ प्रवाळाला रोजचे, पण २२ ची सवय असलेल्याला तो मोठा धक्का. पुढच्या सर्वेक्षणांत बराचसा भाग सावरलेला दिसला.

तुमचा डीएचडब्ल्यू फक्त पृष्ठभागाबद्दल बोलतो. ७५ मीटरबद्दल त्यातून ना हो कळतं, ना नाही.

निळाई :
धन्यवाद. तापमान नोंदवणारा लॉगर ६० मीटरवर एकच आहे, तासाला एक नोंद घेतो. चालेल का? आणि अहवालात ‘खोल प्रवाळभित्ती म्हणजे उथळ प्रवाळांचं आश्रयस्थान’ असं वाक्य जायचं आहे, ते बरोबर आहे का?

थर्मोक्लाइन :
एका लॉगरवर भागणार नाही. ३०, ६०, ७५ आणि ९० मीटरवर प्रत्येकी एक हवा, तेव्हाच थर्मोक्लाइन वरखाली सरकताना दिसेल. तासाची नोंदही अपुरी. अंतर्गत लाटा (पृष्ठभागाखाली, पाण्याच्या थरांमध्ये उठणाऱ्या) गार पाणी काही मिनिटांत वर आणतात आणि तितक्याच लवकर नेतात. दर ५ मिनिटांनी एक नोंद ठेवा. वर्षाला १,०५,१२० नोंदी होतात, तेवढी मेमरी आधी तपासा. लॉगर तळालाच बांधा. बोयाच्या दोरीला लटकवलात तर प्रवाहाने दोरी कलते आणि मोजलेली खोली भलतीच निघते. बसवण्याआधी सगळे एकाच बादलीत ठेवून आपसातला फरक लिहून घ्या. हे राहिलं की नंतर अर्ध्या अंशावरून वाद.

पोवळं :
ते वाक्य सरसकट लिहू नका. बर्म्युडात एकाच ठिकाणी प्रवाळांच्या दोन जातींची जनुकं तपासली गेली. स्टेफानोसीनियाची उथळ आणि खोल वस्ती एकमेकांत मिसळलेली निघाली, तर ॲगॅरिसिया फ्रॅजिलिसची दोन्हींकडची वस्ती जवळजवळ वेगळी. म्हणजे वरची ॲगॅरिसिया मेली तर खालून तिची भरपाई होईल हा हिशेब चालत नाही. लेप्टोसेरिसच्या बऱ्याच जाती तर मुळात खोल पाण्यातल्याच, त्या वर येऊन कुणाची जागा भरणार? २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरही खालून येणाऱ्या गार पाण्याने ४० मीटरवरच्या प्रवाळांना सुरुवातीला सांभाळलं. तो प्रवाह ओसरला तसे तेही ब्लीच झाले, उथळ भागापेक्षा कमी इतकंच. आश्रय म्हणायचा तर कुठल्या जातीला आणि कशापासून, तेही लिहा.

आणि प्रकाश मोजा, नुसत्या खोलीच्या आकड्यावर विसंबू नका. प्रकाशाचा क्षीणन गुणांक (दर मीटरला प्रकाश किती झपाट्याने घटतो तो आकडा) काढून ४.६ ला त्याने भागलं की पृष्ठभागाच्या १ टक्का प्रकाशाची खोली मिळते. गुणांक ०.०४६ असेल तर ती १०० मीटर, ०.१ असेल तर ४६. गढूळ पाण्यात ७५ मीटरवरचं ताट प्रकाशाच्या अगदी कडेवर जगत असतं, तिथे ब्लीचिंगइतकाच गाळाचाही संशय घ्या. आडव्या ताटावर पडलेला गाळ उतारावरून घसरून जात नाही. दिव्याच्या झोतात त्याचा पातळ थर हुबेहूब फिक्या ऊतीसारखा दिसतो. आरओव्हीच्या थ्रस्टरचा हलका झोत मारून बघा, खाली तपकिरी निघालं तर ती वसाहत ब्लीचच्या यादीतून काढा.

सागरगोटा :
हे मी विसरलोच होतो. झोत मात्र कडेने आणि थोडा दुरून मारा. लेप्टोसेरिसची ताटं फार पातळ असतात, कड सहज तुटते.