मदत हवी आहे: विकतच्या प्लगइनचे चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा ठसा) कसे तपासता?

उबुंटू सर्व्हरवर वर्डप्रेसच्या 14 साइट्स, सगळं काम डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेस कमांड देऊन चालवायचं साधन). प्लगइन टाकताना आवृत्ती नेमकी देतो, अपडेटआधी 'ड्राय-रन' (प्रत्यक्ष बदल न करता काय होईल ते) बघतो. कमांड रूटने, म्हणजे सर्वाधिकारी युजरने, चालवत नाही (प्लगइनचा पीएचपी कोडही रूटच्याच अधिकाराने चालतो, म्हणून 'अलाउ-रूट' वापरायचं नाही). फायली वेगळ्या युजरच्या, वेब सर्व्हरला फक्त वाचायची परवानगी: फोल्डर 750, फायली 640.

अडचण अशी. डब्ल्यूपी-सीएलआयचं 'प्लगइन व्हेरिफाय-चेकसम्स' वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या प्लगइनना चोख चालतं, एक ओळ बदलली तरी फाइलचं नाव सांगतं. विकतचे प्लगइन मात्र तिथे नसल्याने 'चेकसम मिळाले नाहीत' म्हणून सोडून देतं. आणि धोका नेमका तिथेच, कारण झिप हाताने येते.

सध्या झिपचा शा-256 हॅश (असाच एक ठसा) नोंदवून, उघडल्यावर प्रत्येक फाइलचा हॅश सर्व्हरबाहेर ठेवतो नि रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) ताडतो. पण अपडेट झालं की यादी शिळी, आणि खोट्या इशाऱ्यांचा पाऊस.

गिटमध्ये (फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवून फरक बघावा, की कंपोझरचं (पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन) खासगी रिपॉझिटरी बरं? शिवाय काही प्लगइन स्वतःच्याच फोल्डरात कॅश लिहू बघतात आणि 'परमिशन डिनाइड'वर अडतात. तेवढ्याच उपफोल्डरला लिहायची मुभा देऊन तिथे पीएचपी बंद करता का? एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा नियम असल्यास द्या.