मदत हवी आहे: मिनी ट्रॅक्टरच्या लेव्हलरला पाट्याची धार कशी बसवू?

राम राम मंडळी. राहायला ठाण्यात, शेती शहापूरकडे. भातखाचरं लहान, बांध वेडेवाकडे, सहा फुटी लेव्हलर (ट्रॅक्टरमागे जोडून जमीन सपाट करायचं अवजार) वळतच नाही. म्हणून घरामागच्या शेडमध्ये चार फुटी करायला घेतलाय.

फ्रेमचा ७५ बाय ७५ मिमी चौकोनी पाइप कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणला. ट्रॅक्टरला जोडणी कॅटेगरी १ ची (लहान ट्रॅक्टरचं ठरलेलं माप), खाली २२ मिमीच्या पिना, टॉप लिंकला म्हणजे वरच्या दांड्याला १९ मिमीची. इथवर ठीक.

अडलंय ते धारेपाशी. भंगारात ट्रकच्या पाट्याचं (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) लांब पान मिळालं, तेच धार म्हणून लावायचंय. गॅरेजवाले दादा म्हणतात, ६०१३ रॉडने (नेहमीचा साधा वेल्डिंग रॉड) सरळ ओढून घे. मला नाही पटत. स्प्रिंगचं पोलाद वेल्डिंगनंतर पटकन थंड झालं की टाक्याशेजारी ठिसूळ होतं, एखाद्या दगडावर तडकायचंच. मग आधी तापवून, ७०१८ रॉड (कमी हायड्रोजनचा) मारून, राखेत हळूहळू निवू देऊ? की सरळ बोल्टने कसू? धार झिजली की बदलता तरी येईल. पण पाट्याला भोक पाडताना साधे ड्रिल बिट जळतात, मधलं भोक तेवढं आयतं आहे.

कुणी केलंय का हे? वागळे इस्टेटमध्ये एवढंसं काम घेणारं कुणी असेल तर तेही सांगा, मोठे कारखाने दारात उभं करत नाहीत.